ज्ञानाचा पाणवठा कोणाचा?

(शिक्षक आणि ग्रंथालय कार्यकर्ते यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



विज्ञानशिक्षण आणि डिजिटल ग्रंथालये हा विषय कार्यकर्त्यांच्या शिबिरात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. शेतमालाचा भाव, कंत्राटी कामगारांचे वेतन, पिण्याचे पाणी असे प्रश्न दारात उभे असताना संगणकाच्या पडद्यावरील पुस्तकांची चर्चा ही चैन आहे, असे कोणी म्हटले तर त्याचा राग मानण्याचे कारण नाही. तथापि जमीन, भांडवल आणि यंत्र यांच्या मालकीचा विचार करणाऱ्यांनी ज्ञानाच्या मालकीचा विचार बाजूला ठेवणे आता परवडणारे नाही. आजच्या उत्पादनव्यवस्थेत ज्ञान हे एक साधन आहे, आणि ते काही मोजक्या हातांत एकवटण्याची प्रक्रिया आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारी तिजोरीचा हिशेब मांडला होता. महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून उभा राहतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. त्यांनी प्राथमिक शिक्षणाची मागणी केली ती दयेच्या भाषेत केली नाही. ज्याने पैसा दिला त्याचा हक्क म्हणून केली. आजच्या विषयाकडे पाहताना हीच कसोटी मला उपयोगी वाटते. पैसा कोणाचा, श्रम कोणाचे आणि लाभ कोणाला, हे तीन प्रश्न डिजिटल ग्रंथालयांनाही विचारता येतात.

प्रथम हे मान्य करू या की गेल्या दोन-अडीच दशकांत उभे राहिलेले भांडार खरोखरच मोठे आहे. देशातील आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमातून अभियांत्रिकी आणि विज्ञान या विषयांची हजारो व्याख्याने कोणालाही विनामूल्य पाहता येतात. शालेय साहित्याचे राष्ट्रीय मुक्त भांडार २०१३ मध्ये सुरू झाले, ‘दीक्षा’ २०१७ मध्ये आले. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी देशाला अर्पण करण्यात आले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली आकाराला आलेला मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो आज घरबसल्या वाचता येतो. पुण्याच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली विज्ञानखेळणी आणि हिंदी, मराठी, इंग्रजीतील असंख्य पुस्तके आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली. परदेशातील उदाहरण द्यायचे तर नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेला ‘फेट’ हा प्रकल्प घ्या. विद्युतमंडल जोडणे, लंबकाचा झोका मोजणे असे प्रयोग पडद्यावर करून पाहण्याची सोय त्यात आहे आणि त्यांतील अनेक प्रयोग मराठीतही उपलब्ध आहेत. ज्या शाळेत प्रयोगशाळेच्या नावाने एक कुलूपबंद कपाट असते, तेथील शिक्षकाला हे केवढे बळ आहे, हे येथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको.

मग अडते कोठे? महाडचा इतिहास आठवा. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, परंतु त्या तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. जातीच्या अपमानाची आणि आजच्या या प्रश्नाची बरोबरी मी करीत नाही. तशी बरोबरी करणे त्या लढ्याचा अवमान ठरेल. मी फक्त एक धडा घेतो. ‘सर्वांना खुले’ असा फलक लावणे आणि प्रत्यक्षात सर्वांना पोहोचता येणे यांत अंतर असते, आणि ते अंतर आपोआप मिटत नाही.

हे अंतर किती आहे याचा अंदाज राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीने दिला होता. त्या वेळी ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांपर्यंत इंटरनेट पोहोचले होते. शहरांत हेच प्रमाण २३.४ आणि ४२ टक्के होते. अशा समाजात मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण पडद्यावर जाईल असे गृहीत धरण्यात आले. त्यानंतर स्वस्त मोबाईल खेडोपाडी पोहोचले हे खरे. परंतु घरात एक फोन, तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर, संध्याकाळी त्यावर थोरल्या भावाचा हक्क, आणि महिनाअखेरीस रिचार्ज संपलेला, अशा घरातील मुलीला राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खुले आहे असे म्हणणे ही तिची थट्टा होय. शिवाय हातातील त्या लहानशा काचेवर भूमितीची आकृती वा पेशीचे चित्र धड दिसतही नाही.

या संदर्भात केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिलेला एक निकाल आपण अभ्यासला पाहिजे. संध्याकाळच्या वेळी मोबाईल वापरण्यास बंदी घालणारा वसतिगृहाचा नियम एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने मानला नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढण्यात आले. अभ्यासासाठी आपल्याला इंटरनेट लागते, असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि तिला परत घेण्याचा आदेश दिला. पुढे त्याच राज्याने सार्वजनिक मालकीचे इंटरनेट जाळे उभारून जून २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन केले. त्या योजनेची अंमलबजावणी किती वेगाने झाली यावर टीका करता येईल. परंतु वीज आणि पाणी यांप्रमाणे ही सेवाही सार्वजनिक असू शकते, ही भूमिका एका राज्य सरकारने घेतली, हे महत्त्वाचे आहे.

दुसरी अडचण भाषेची. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने, ज्याची स्थापना १९७४ मध्ये झाली, १९८० च्या दशकाच्या आरंभी महापालिका शाळांतील दलित विद्यार्थ्यांबरोबर दीर्घ काळ काम केले. ही मुले विज्ञानात मागे का पडतात, याचा शोध घेताना भाषा ही त्यांच्या वाटेतील एक मोठी धोंड असल्याचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. ती मुले मराठीच बोलत होती, मराठी माध्यमातच शिकत होती. पण पुस्तकातील मराठी त्यांची नव्हती. भाषेची ही अडचण लक्षात घेऊन शिकवल्यावर तीच मुले पुढे सरकली. चाळीस वर्षांपूर्वीच्या या अनुभवाचे आज विस्मरण झाले आहे. भांडारात भर पडते ती प्रामुख्याने इंग्रजीत, आणि आता यंत्राकडून मराठी भाषांतर करून घेतले की काम झाले असे समजण्याची प्रवृत्ती वाढते आहे.

यंत्रभाषांतर मी त्याज्य मानत नाही. परंतु ते तपासणारा माणूस नसेल तर काय होते पाहा. ‘सेल’ या एका इंग्रजी शब्दासाठी जीवशास्त्रात आपण पेशी म्हणतो आणि भौतिकशास्त्रात विद्युतघट. ‘वर्क’ म्हणजे घरात काम, पदार्थविज्ञानात मात्र कार्य. चाल आणि वेग यांत दिशेचा फरक आहे. ज्या धड्यात विद्युतमंडलाला पेशी जोडली जाते, तो धडा वाचणारे मूल शेवटी आपल्यालाच बुद्धी नाही असे ठरवून मोकळे होते. उत्तरे देणाऱ्या नव्या यंत्रांबाबतही हेच आहे. ती क्षणात उत्तर देतात, चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतात, आणि ते कोठून घेतले हे पुष्कळदा सांगत नाहीत. ग्रंथालयाची रीत याच्या उलट असते. तेथे पुस्तकावर लेखकाचे नाव असते, वर्ष असते, आणि शेजारच्या फळीवर त्याचे म्हणणे खोडणारे दुसरे पुस्तक असू शकते. विज्ञान शिकण्यासाठी ही रीत अंगी बाणावी लागते.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मालकीचा आहे. विज्ञानातील संशोधन जगभर बहुतांशी सार्वजनिक पैशातून होते. शास्त्रज्ञ आपला लेख नियतकालिकाला मोबदला न घेता देतात, दुसरे शास्त्रज्ञ तो बहुधा मोबदला न घेताच तपासतात, आणि मग तोच लेख वाचण्यासाठी त्यांच्याच संस्थांना प्रकाशन कंपन्यांना प्रचंड वर्गणी द्यावी लागते. या व्यवस्थेला शास्त्रज्ञांमधूनच विरोध झाला. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने लेखांचे मुक्त भांडार सुरू केले, ते ‘आर्काइव्ह’ या नावाने आजही चालू आहे. २००२ मध्ये बुडापेस्ट येथील जाहीरनाम्याने मुक्त वाचनाची मागणी जगापुढे मांडली.

आपल्या सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना उपलब्ध करून देण्याची ही योजना आहे. जिल्ह्याच्या सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापकाला आयआयटीतील प्राध्यापकाइतकेच वाचता यावे, हा तिचा हेतू स्वागतार्हच आहे. पण योजनेच्या बाहेर कोण राहिले? खाजगी महाविद्यालयातील विद्यार्थी, माध्यमिक शाळेतील विज्ञानशिक्षक, गावातील वाचनालय आणि सामान्य नागरिक. आणि मुदत संपल्यावर पुन्हा वर्गणी भरावी लागेलच. ही भाड्याची खोली आहे. भाडे थकले की कुलूप. एवढ्या रकमेतील काही वाटा देशी भाषांतील मुक्त साहित्यावर खर्च झाला असता, तर जे निर्माण झाले असते ते कायमचे आपले राहिले असते.

आपल्या घरातही पाहू या. बालभारतीची पाठ्यपुस्तके आज विनामूल्य उतरवून घेता येतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्याच पुस्तकांच्या पानावर, लेखी परवानगीवाचून कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, असे छापलेले असते. म्हणजे एखाद्या शिक्षकाने धडा पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी सोपा करून, चित्रे बदलून छापायचा म्हटला, तर त्याने आधी परवानगी मागायची. याउलट राष्ट्रीय मुक्त भांडाराचे धोरण असे आहे की साहित्य घ्यावे, बदलावे, वाटावे; फक्त मूळ कर्त्याचे नाव द्यावे आणि आपली आवृत्तीही तशीच मुक्त ठेवावी. फुकट मिळणे आणि मुक्त असणे यांतील हा भेद आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. फुकट मिळणारी गोष्ट देणारा कधीही परत घेऊ शकतो.

खाजगी शिकवणीच्या ॲपांनी तर हे दाखवूनच दिले आहे. अब्जावधी डॉलरचे मूल्य मिरवणारी अशी एक बडी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. सरकारी भांडारांनाही हा धोका आहेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २००० मध्ये विज्ञानशिक्षणासाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाचा कार्यक्रम हाती घेतला. दशकभराने निधी आटला आणि पुढे त्याचा सांभाळ एका बिगरसरकारी संस्थेकडे गेला. त्यातील साहित्य पुष्कळ अंशी टिकले, कारण ते इतरांना उचलून घेता येण्याजोगे होते.

संघटित प्रतिकाराने या क्षेत्रात यश मिळते, याचेही उदाहरण आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर तीन बड्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. अभ्यासक्रमातील पुस्तकांतील निवडक प्रकरणांचे संच विद्यार्थ्यांना करून दिले जात होते, ही त्यांची तक्रार. विद्यार्थी आणि शिक्षक स्वतः त्या खटल्यात उतरले. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी असे संच करण्यास कायद्यात मुभा असल्याचा निर्णय दिला, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

आता एक इशारा आपल्या स्वतःसाठी. साहित्य मिळाले म्हणजे विज्ञान आले, असे नव्हे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांत एक कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी टोळ्या करून स्वतः प्रयोग करायचे, निरीक्षणे लिहायची, वर्गात वाद घालायचा आणि निष्कर्ष काढायचा, अशी ती पद्धत. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने ते काम वाढवले आणि ते सुमारे हजार शाळांपर्यंत गेले. शिक्षक दरमहा एकत्र बसून अडचणींची चर्चा करीत. मुले ‘सवालीराम’ या कल्पित व्यक्तीला पत्रे लिहून शंका विचारीत आणि त्यांना उत्तरे जात. २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. त्याची ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके आज डिजिटल स्वरूपात कोणालाही मिळतात. पुस्तके वाचली, पण दरमहाच्या बैठका, प्रयोगाच्या साहित्याचा पुरवठा आणि शंकेला उत्तर देणारी माणसे यांची जागा पुस्तकांनी भरून निघाली नाही. भांडार स्मृती जपते, हे त्याचे मोठे काम आहे. चळवळ मात्र माणसांनाच चालवावी लागते. मुलाने आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब घेऊन त्रिकोण का ढळत नाही आणि चौकोन का ढळतो हे स्वतः केले, तरच त्याची चित्रफीत पाहण्याला अर्थ येतो.

तेव्हा करायचे काय? माझ्या पाच सूचना आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक कामे उद्यापासून सुरू करता येतील.

पहिली, सार्वजनिक ग्रंथालयांना या कामाचे केंद्र करावे. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे आणि हजारो मान्यताप्राप्त वाचनालयांचे जाळे आहे. त्यांचे अनुदान अपुरे आहे आणि तेथील कर्मचाऱ्यांचे वेतन लाजिरवाणे आहे. प्रत्येक वाचनालयात मोठ्या पडद्याचे निदान दोन संगणक, मुलींसाठी राखीव वेळ आणि मदत करणारा सन्मानाने पोसलेला कर्मचारी असावा, ही मागणी आपण ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या मागण्यांशी जोडली पाहिजे.

दुसरी, जेथे इंटरनेट नाही वा महाग आहे तेथे ते नसतानाही वाचता येईल अशी व्यवस्था करावी. ‘किविक्स’सारख्या मुक्त प्रणालीच्या साहाय्याने संपूर्ण विकिपीडिया एका डिस्कवर साठवता येतो, ‘फेट’चे प्रयोग उतरवून ठेवता येतात. तालुक्याच्या गावी भरलेली डिस्क वाडीवर नेता येते. पूर्वी आपण फिरती वाचनालये चालवली. हे तेच काम आहे, पेटी फक्त लहान झाली.

तिसरी, जनतेच्या पैशातून तयार होणारे सर्व शैक्षणिक साहित्य मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करावे, अशी मागणी करावी. पाठ्यपुस्तके, परिभाषाकोश, विश्वकोश आणि विद्यापीठांचे स्वअध्ययनाचे ग्रंथ यांना ती लागू व्हावी. या मागणीसाठी सरकारला नवा पैसा खर्च करावा लागत नाही, पुस्तकावरील एक ओळ बदलावी लागते.

चौथी, मराठीत लिहावे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया कोणाच्या मालकीचा नाही, म्हणून तो आपला आहे. १९६६ पासून काम करीत असलेल्या मराठी विज्ञान परिषदेची परंपरा आपल्यामागे आहे. प्रत्येक तालुक्यात चार शिक्षक आणि दोन विद्यार्थी महिन्यातून एकदा बसले, एक लेख तपासला, एक धडा आपल्या बोलीच्या जवळ आणला, तर वर्षभरात दिसण्याजोगे काम उभे राहील.

पाचवी, त्याच बैठकीत एक प्रयोग हाताने करावा. पडद्यावर पाहिलेले टेबलावर करून पाहिल्यावाचून बैठक उठू नये.

घटनेच्या ५१-अ कलमात १९७६ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. कर्तव्य सांगणाऱ्या राज्यसंस्थेने त्यासाठी लागणारी साधने नागरिकाला दिली पाहिजेत, हे उघड आहे. ती न दिली तर मागून घेणे आणि दिलेली साधने वस्त्यांपर्यंत नेणे हे आपले काम आहे. येत्या महिन्यात आपापल्या गावच्या वाचनालयात जाऊन तेथे संगणक आहे का, चालू आहे का, आणि त्यावर कोण बसते, एवढी माहिती प्रत्येकाने लिहून आणावी. पुढच्या बैठकीची सुरुवात आपण त्या नोंदींपासून करू.